शंभर मीटर दोर

मृणालनं यादीत दोर पन्नास मीटर लिहिला तेव्हा मी म्हणालो, शंभर लिही. मृणाल माझी सून. ती म्हणाली, "बाबा, आपण ग्लेशियरवर चढणार नाही आहोत. समोरून बघायचं, फोटो काढायचे, परत यायचं. दोर मी आपला उगाच लिहिलाय." मी म्हणालो, "उगाच लिहिलायस तर शंभर लिहायला काय जातंय." तिनं शंभर लिहिलं. माझ्याशी वाद घालून उपयोग नाही हे तिला लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात कळलं होतं.

मी चौथी शिकलेला माणूस. मुलाकडं आयर्लंडला आलो तो सहा महिन्यांसाठी, आणि जग बंद पडलं म्हणून दीड वर्ष राहिलो. सँडीफोर्डला त्यांचं चौथ्या मजल्यावर घर होतं. खालून लुआस जायची, म्हणजे तिथली ट्राम. आत कोणी नाही, थांब्यावर कोणी नाही, तरी वळणावर घंटा वाजवायचीच. मी खिडकीत बसून त्या घंटा ऐकायचो. बाकी आवाज म्हणजे पाऊस, उकळत्या किटलीचा आवाज आणि मृणालचं फोनवरचं इंग्रजी. संजय, माझा मुलगा, दवाखान्यातली यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनीअर. त्याचा कारखाना बंद झाला नव्हता. तो कामावरून आला की दारातच बूट आणि जाकीट काढून सरळ न्हाणीत जायचा, आणि तो बाहेर येईपर्यंत मी त्याच्याकडं बघायचं नाही असा नियम होता. मृणाल औषधांच्या कंपनीत, पण काम घरातून. तिचं काम चुका शोधायचं. गोळ्यांच्या एखाद्या खोक्यात काही बिघडलं, तर का बिघडलं, त्याच्या आधी काय झालं, त्याच्याही आधी काय, असं ती मागं मागं जायची. मला वाटायचं, पगार देऊन बाईला भांडायला ठेवलंय. तिच्या कामाचा मला पुढं कसा फटका बसला ते येईलच.

तिथलं दूध आणि लोणी चांगलं, ते मी मान्य करतो. बटाटाही चांगला. पण ज्वारीचं पीठ मिळायचं ते दुकान शहरात, आणि घरापासून पाच किलोमीटरच्या पुढं जायला सरकारची बंदी. प्रेसमध्ये, म्हणजे भिंतीतल्या कपाटाला ते लोक प्रेस म्हणतात, त्यात ओटचं पीठ सापडलं. मी ते थापून बघितलं. भाकरी तव्यावर फुटली, अर्धी चिकटली. मृणाल म्हणाली, "राहू द्या बाबा, ब्रेड ग्रँड आहे." ग्रँड म्हणजे तिकडं नुसतं ठीक. मी ती भाकरी खरवडून काढली आणि सगळी खाल्ली. चांगली झाली म्हणून सांगितलं.

बर्फाच्या नदीला जायचं ठरलं ते टीव्हीमुळं. अशीच एक नदी वितळत असल्याचं दाखवत होते. करड्या बर्फातून पाण्याची धार बाहेर येत होती आणि काठावर दगडगोटे पडलेले. मी म्हणालो, असल्या बर्फाशेजारी मी रस्ता केलाय. संजय वळून बघायला लागला. "बाबा, हे तुम्ही कधी बोलला नाहीत." मी म्हणालो, "तू कधी विचारलं नाहीस." त्याला एवढंच माहीत होतं, की त्याचा काका उत्तरेत कामावर असताना तापानं गेला. पाच किलोमीटरच्या आत कोंडलेली माणसं ती. त्यांना कुठं तरी लांब जायचं ठरवायचंच होतं. त्याच आठवड्यात मृणालनं कॉम्प्युटरवर तक्ता सुरू केला. एका रकान्यात दिवस, दुसऱ्यात मुक्काम, तिसऱ्यात बघायच्या जागा. जागा मी सांगितल्या: खालचं भूर्जाचं जंगल, खडकातून गरम पाणी येतं ते कुंड, मेंढ्या चरतात ते कुरण, हिरव्या पाण्याचं तळं, आणि शेवटी बर्फाचं तोंड, तिथले लोक त्याला गल म्हणत. पंचावन्न वर्षं झाली होती, पण एकही जागा चुकली नाही. मृणाल उपग्रहाच्या नकाशावर ताडून बघायची आणि म्हणायची, "आहे बाबा, तळं आहे."

रविवारी दुपारी गावाकडं फोन लागायचा. गावाकडं वैनी, माझ्या थोरल्या भावाची बायको, आणि तिचा मुलगा दिगू. दिगू पन्नाशी ओलांडलेला, पण वैनीपुढं फोन धरताना लहान पोरासारखा वाकडा धरायचा. आम्हाला तिचं कपाळ आणि मागची माळवदाची तुळईच दिसायची. संजयनं हौसेनं सांगून टाकलं, काकू, सगळं उघडलं की बाबांच्या बर्फाच्या नदीला जायचं, तुम्हीपण चला. कपाळ फोनच्या आणखी जवळ आलं. मग वैनी म्हणाली, "भावजी, मला ती जागा दावाल का?"

"कुठली?"

"त्यास्नी अग्नी दिला ती."

मी म्हणालो, "दावीन की." दुसरं काय म्हणणार होतो.

आता ते दिवस सांगतो. आमच्या भागातल्या धरणाचं काम संपलं तेव्हा नानू मुकादमानं आम्हा सुरुंगाची भोकं पाडणाऱ्या माणसांना उत्तरेत नेलं. मी एकोणीस वर्षांचा. दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा, आणि भोक पाडण्यात असा हात, की सळई दगडाला लावली की आवाजावरून आत कुठं चीर आहे ते सांगायचा. आमच्या तालुक्यातलं तिथं आम्ही दोघंच. घरातून निघताना वैनीनं तिळाची चटणी आणि बाजरीचं पीठ बांधून दिलं होतं. दादा ते पीठ मेसच्या भटाला हात लावू द्यायचा नाही. रविवारी भूर्जाच्या लाकडावर स्वतः दोन भाकऱ्या थापायचा, एक त्याला, एक मला, आणि मुकादम आला तर पाठीमागं लपवायचा. तिथलं लाकूड ओलं. धुरानं डोळे चुरचुरायचे. संध्याकाळी वर डोंगरात बर्फ तडकायचा, बंदुकीसारखा. पहिल्या महिन्यात मी दचकायचो. दादा म्हणायचा, "शंकऱ्या, नदी कुशीवर वळतीया, झोप तू."

त्यानं मला तिथं काम शिकवलं, इंग्रजीत सही करायला शिकवलं, आणि विडी ओढताना पकडलं तेव्हा सळईनं नडगीवर मारलं. ती खूण अजून आहे. मला मोठं करणारा माणूस म्हणून मी त्याचंच नाव सांगतो, बापाचं नाही.

गावी सगळ्यांना जी हकीकत माहीत होती, आणि आता संजय-मृणाललाही मी जी सांगितली, ती अशी. आम्हा सहा जणांना तळापासून एक दिवस वर, गलाच्या काठाकाठानं रस्त्याची आखणी करायला पाठवलं. वर दादाच्या छातीत पाणी भरलं, ताप चढला, दोन दिवसांत तो गेला. गलाच्या तोंडाशी एका सपाट खडकावर मी त्याला अग्नी दिला, आणि तुपाच्या पत्र्याच्या डब्यात अस्थी घेऊन आलो. कृष्णेत सोडल्या. तेरावं झालं. आई दुसऱ्या वर्षी गेली. दिगू तेव्हा वैनीच्या पोटात होता. जाण्याआधी दादानं सांगितलं होतं, मुलगा झाला तर दिगंबर नाव ठेवा, ते मी सांगितलं आणि तेच ठेवलं.

ऑक्टोबरात तिकडं पुन्हा सगळं बंद झालं. मला दम टिकवायला हवा, कारण हृदयात नळी बसवलेली, म्हणून मृणाल मला तीन खडकांच्या डोंगरावर न्यायची. घरापासून पाच किलोमीटरच्या आत बसणारा तेवढाच डोंगर. माथ्यावर खरंच तीन काळेकरडे खडक उभे आहेत, चांगल्या जातीचा दगड, मी हातानं ठोकून बघितला. खाली सगळं डब्लिन आणि समुद्र, आणि समुद्रात एक जहाज, हलत नव्हतं. मृणालनं थर्मासमधून चहा ओतला आणि फोनवर तक्ता उघडला.

"बाबा, स्वैपाकाचं बघायचंय. स्टोव्ह घेऊन जावा लागेल. भूर्जाचं जंगल संपल्यावर वर झुडूपसुद्धा नाहीये. सगळा दगड."

"हो. दगडच."

तिनं चहाचा घोट घेतला. मग म्हणाली, "मग तिथे लाकूड कुठून आणलंत?"

"कसलं?"

"काकांना अग्नी दिलात, त्याचं."

मी म्हणालो, ट्रकनं आलं. ती म्हणाली, "रस्ता तर व्हायचा होता. तुम्ही आखणीलाच गेला होतात ना?" मी म्हणालो, मग खेचरावरून. ती म्हणाली, "बाबा, माणसाला तीन-चारशे किलो लाकूड लागतं. पाच माणसं होतात. एक दिवसाची चढण." तिच्या आवाजात भांडण नव्हतं. कंपनीतल्या फोनवर बोलायची तसंच बोलत होती, मागं मागं जात. मी म्हणालो, "तू काय माझी चौकशी लावलीयेस का?" ती म्हणाली, "नाही बाबा. सॉरी." आम्ही खाली उतरलो. उतरताना तिनं माझा हात धरायला बघितला, मी धरू दिला नाही, आणि एका ठिकाणी पडलो.

चार दिवस मी तिच्याशी जेवणापुरतं बोललो. पाचव्या दिवशी सकाळी खाली रस्त्यावर माणसं उभी राहायला लागली. शेजारच्या इमारतीतला एक म्हातारा गेला होता. देवळात मोजकीच माणसं जाऊ शकत होती, म्हणून बाकीचे रस्त्याच्या कडेला, दोन दोन हात सोडून, पावसात उभे. मृणालनं सांगितलं, त्याची गाडी इथून जाईल, तेवढाच निरोप. मी टोपी घालून खाली गेलो आणि रांगेत उभा राहिलो. ती माझ्याशेजारी आली. काळी गाडी माणूस चालेल इतक्या हळू आली. काचेतून लाकडी पेटी दिसत होती. बायका छातीवर हातानं खूण करत होत्या. मी टोपी काढली. तो म्हातारा मला रस्त्यात एकदोनदा दिसलेला, नाव माहीत नाही. पण त्या पेटीत तो होता, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. गाडी वळणाआड गेली आणि मी मृणालला सांगितलं, लाकूड नव्हतं.

लुआसच्या थांब्यावर बाक होता, तिथं बसून सगळं सांगितलं.

दादाला ताप आला नव्हता. तो खांद्यावर सळयांचा भारा घेऊन माझ्या पुढं चालत होता आणि त्याच्या पायाखालचा बर्फ बसला. ओरडणं ऐकू आलं नाही. सळया ऐकू आल्या, भेगेच्या दोन्ही भिंतींवर आपटत खण खण करत खूप खाली गेल्या. मग गप्प. मग दादाचा आवाज, अगदी रोजचा, "शंकऱ्या, दोर आण." आमच्याकडं दोर होता चाळीस हात. तो सोडला. त्याला फेटे बांधले, घोंगड्या फाडून बांधल्या. "दादा, लागतोय का हाताला?" तो म्हणायचा, "न्हाई. अजून सोड." आणखी सोडायला काही नव्हतं. एकाला तळावर दोर आणायला पिटाळलं, पण जाऊन यायला दुसरा दिवस उजाडणार हे दादालाही माहीत होतं. अंधारून येईपर्यंत तो बोलत होता. पोराचं नाव त्यानं तेव्हा सांगितलं. मी भेगेच्या तोंडावर पालथा पडून "हो, हो" म्हणत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी लांब दोर आला. तोपर्यंत तो बोलायचा थांबला होता. माणूस खाली सोडला, तो म्हणाला, खाली पाणी वाहतंय, दिसत काही नाही. तिसऱ्या दिवशी नानू मुकादमानं काम बंद करून सगळ्यांना खाली आणलं.

खात्याच्या कागदावर त्यानं "बेपत्ता" लिहिलं. मी एकोणीस वर्षांचा, पण बेपत्ता म्हणजे काय ते मला कळत होतं. आई दारात बसून राहिली असती. वैनी कुंकू लावून वाट बघत बसली असती, वीस वर्षं, तीस वर्षं. म्हणून मी तळावर आल्यावर मेसच्या चुलीतली राख तुपाच्या डब्यात भरली. नुसत्या राखेवर आईचा विश्वास बसला नसता. मागच्या बाजूला मेसची मटणाची हाडं टाकलेली असत. ती मी चुलीत घातली, पांढरी होईपर्यंत भाजली, आणि फोडून डब्यात टाकली. त्या डब्यावर वैनीच्या बांगड्या फुटल्या. आईनं त्याच्यावर दूध घातलं.

एक रिकामी ट्राम आली, दारं उघडली, मिटली, गेली. मग ती म्हणाली, "बाबा, काकूंना सांगा. आज. फोन करा."

"फोनवर नाही."

"का?"

"असली गोष्ट बाईला फोनवर सांगतात का. दिगू फोन वाकडा धरतो, तिचं तोंडही दिसत नाही. तिला तिथं घेऊन जाईन, भेग दाखवीन आणि तिथं सांगीन. तिथं मला पाय धरता येतील."

"त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. तुम्हाला नळी आहे. आणि विमानं कधी सुरू होतील कुणाला माहीत नाही."

"होतील तवा होतील." मी म्हणालो. "आणि संजयला यातलं बोलायचं नाही."

ती त्याला बोलली नाही. माझा शब्द तिनं पाळला, आणि तिनं तो मोडायला हवा होता असं मला आता वाटतं. तिच्यावर ढकलतोय असं नाही. निर्णय माझा होता, मी तो ताठ मानेनं घेतला. राख नेली ते चुकलं असं मला आजही पूर्ण वाटत नाही. फोन केला नाही ते चुकलं.

त्या हिवाळ्यात आम्ही बेत असा केला, की जणू परवाच निघायचंय. वैनीनं कापडी बूट घेतले. रोज सकाळी मारुतीच्या देवळाला अकरा फेऱ्या मारायची आणि रविवारी मला त्याचा हिशेब द्यायची. दिगू म्हणायचा, "काका, आई आता माझ्यापेक्षा जोरात चालतीया, तुम्हीच मागं राहाल." मार्चमध्ये एका रविवारी फोन कसा कोण जाणे सरळ धरला गेला आणि तिचं पूर्ण तोंड दिसलं. म्हातारी झाली होती. म्हणाली, "भावजी, एवढ्या वर्सांनी जागा न्हाई घावली तरी चालंल. बरफ बगितला म्हंजी झालं." मी म्हणालो, "घावती की." ती हसली. ती असं का म्हणाली, तिला काय माहीत होतं, याचा विचार मी अजून करतो. त्या दिवशी मृणाल माझ्यासमोर उभी होती. फोनकडं बोट करून ओठांनी "आत्ता" म्हणत होती. मी फोन ठेवला.

एप्रिलमध्ये गावात आजार शिरला. वैनीला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, आत घेतलं आणि दिगूला फाटकाबाहेर ठेवलं. सहाव्या दिवशी ती गेली. बॉडी घरी दिली नाही. कुठल्या तरी मैदानात ओळीनं चिता होत्या. दिगूनं लांबून बघितलं. तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात एक मडकं दिलं. त्यानं मला फोन केला तेव्हा तो कृष्णेच्या काठावर उभा होता, मागं पाण्याचा आवाज येत होता. फोन सरळ धरला होता.

"काका, मडक्याला चिठ्ठी बांधली होती नावाची. ती भिजली. शाई पसरली, काय वाचता येईना. तिथं चाळीस मडकी होती. ही राख आईचीच कशावरून?"

मृणाल टेबलाशी बसली होती. तिनं तिचा कॉम्प्युटर मिटला आणि माझ्याकडं बघितलं.

दिगू म्हणाला, "दुसऱ्याच कुणाची सोडली तर? तिची आत्ता कुठं असंल? काका, तुम्ही सांगा, तुम्ही माझ्या अप्पांची स्वतः आणली होती."

मी म्हणालो, "तिचीच आहे. सोड."

"नक्की?"

"माझ्यावर विश्वास आहे ना? सोड पाण्यात."

"तुम्ही म्हणताय तर तिचीच असंल," तो म्हणाला. फोन त्यानं खाली ठेवला असावा. मला आकाश दिसलं, आणि मडकं पाण्यात बुडतं तो बुडबुड आवाज ऐकू आला. मृणाल उठून दुसऱ्या खोलीत गेली. रात्री तिनं मला ताट वाढलं, पण त्या दिवसापासून मी गावी परतेपर्यंत ती मला बाबा म्हणाली नाही. नुसतं "जेवायला या" म्हणायची.

हे पान मी वहीत तीनदा लिहून फाडलं. दिगू, हे तू वाचशील, कारण वही तुलाच द्यायची आहे. तुझ्या आईचं मला माहीत नाही. मी आयर्लंडात खुर्चीत बसून सांगितलं, आणि तू ऐकलंस. पण कृष्णेत तुझ्या बापाचं काही नाही. तो वर आहे. मृणालनं नकाशावर सपाट खडकापाशी खूण केली आहे, ती खोटी. तिथून वर, डाव्या हाताला, जिथं बर्फाचा रंग निळसर होतो, तिथं भेग होती; बर्फ सरकतो, आता कुठं असेल सांगता येत नाही. यादी तिच्याकडं तयार आहे, माग, ती देईल. मला घेऊन जायचं का नाही ते तू ठरव. दोर शंभर मीटरचाच घे.

तुझं नाव मात्र मी माझ्या मनानं सांगितलेलं नाही. ते खालून आलं, दोनदा, मला नीट ऐकू गेलं का म्हणून त्यानं पुन्हा सांगितलं.